हँडफास्टिंगची दोरी: सॅटिन नको, सुती घ्या

स्कॉटलंडमध्ये हँडफास्टिंग करून, म्हणजे दोघांचे हात दोरीने बांधून लग्न करणार असाल, तर सॅटिनची फीत घेऊ नका. माझ्या भाचीने घेतली होती. वाऱ्याने टोकं फडफडत तिच्या डोक्यावरच्या जाळीदार ओढणीत (व्हेलमध्ये) अडकली आणि हात मागे घेताना गाठ बसायच्या आतच फीत सुळकन सुटली. पोरगी रडवेली झाली. विणलेली सुती किंवा लोकरीची दोरी घ्या, साधारण तीन मीटर. टोकांना गोंडे लावले की वजनाने ती खाली राहतात. दोरी हातांवर टाकल्यावर प्रत्येकाने समोरच्याच्या हाताखाली लोंबणारं टोक बोटांत पकडायचं आणि हात सावकाश मागे घ्यायचे; गाठ आपोआप बसते. घरी चार-पाच वेळा करून बघाच, तेही अंगठ्या घालून.

आणखी एक: नुसत्या गाठीने लग्न कायदेशीर होत नाही. रजिस्ट्रारकडून मिळालेलं मॅरेज शेड्यूल, म्हणजे लग्नाचा अधिकृत कागद, विधीआधीच विधी चालवणाऱ्याच्या हातात द्या. त्यावर वधूवर, दोन साक्षीदार आणि विधी चालवणारा यांची सही होते, मग 3 दिवसांत ते रजिस्ट्रारकडे परत पोचवावं लागतं. आमचं हॉटेलच्या खोलीत राहिलं होतं. ते आणेपर्यंत आजी पाऊण तास थंडीत बसून होत्या.