दिवाळीआधी जुना ऑइलपेंट घासताय? जरा थांबा

जुन्या चाळीत नाहीतर वाड्यात राहत असाल तर खिडक्यांचे गज, चौकटी, ग्रिलवरचा ऑइलपेंट बघा, खासकरून पिवळा, लाल, केशरी, त्यात शिसं, म्हणजे विषारी धातू, असायची शक्यता बरीच. आपल्याकडे रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीचा रंग संशयितच धरा. रंग शाबूत असेल तर उगाच खरवडू नका, वरून नवा हात मारला तरी चालतं. पोपडे सुटले असतील तर मात्र कोरडा पॉलिश पेपर मारू देऊ नका, पेंटर म्हणणारच "साहेब, सुकं घासलं की पटकन होतं", पण तीच बारीक धूळ पोरं रांगतात तिथे बसते आणि हाताबरोबर तोंडात जाते. पाणी मारत वॉटर पेपरने घासायचं, खाली जाड प्लास्टिक, पंखा बंद, गरोदर बाई आणि लहान मुलं साफसफाई होईपर्यंत दुसरीकडे. ब्लोटॉर्चच्या ज्योतीने जाळून काढणं तर अजिबात नको. नंतर झाडू नाही, ओल्या फडक्याने दोनतीनदा पुसायचं आणि फडकं फेकायचं, खिडकीची पट्टी जिथे घासते तो कोपरा सगळे विसरतात. नवा डबा घेताना लेबलवर शिशाचं वाचा. मूल पोपडे चघळताना दिसलं तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, नुसतं बघून कळत नाही.