घरच्या २३० व्होल्टवर १२ व्होल्टची मोटर कशी चालवावी

सोलापूरच्या पूर्व भागात अजूनही घरी कांड्या (मागावर लागणाऱ्या सुताच्या नळ्या) भरल्या जातात. हाताच्या चरख्याला १२ व्होल्टची गिअर मोटर बसवून द्या म्हणून बायका येतात, आणि मी अशा कितीतरी बसवल्या आहेत. गणपतीच्या हलत्या देखाव्यालाही कृती हीच.

सॉकेटमध्ये २३० व्होल्ट एसी, मोटरला हवं १२ व्होल्ट डीसी. "मोटरच्या सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब आणि एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) टाका" असं सांगणारे अजून भेटतात. कृपा करून ऐकू नका. मोटर फिरते, पण तिच्या वायरी थेट मेन्सला जोडलेल्या राहतात. आतलं इन्सुलेशन जरा खरवडलं की मोटरचा पत्रा, चरख्याची चाती (सूत गुंडाळणारी फिरती सळई) आणि चातीला हात लावणारी बाई, सगळीकडे करंट. बल्ब वाचवेल ही समजूत खोटी आहे. तो ४०० मिलीअँपियरहून जास्त करंट जाऊ देतो. घरातला आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) ३० मिलीअँपियरलाच लाइन पाडतो, कारण त्यापुढे हृदयाला धोका असतो. डिमरस्टॅटही (व्होल्टेज कमी-जास्त करणारा फिरत्या मुठीचा ट्रान्सफॉर्मर) नको, त्यात एकच गुंडाळी असते, म्हणजे मोटर मेन्सलाच जोडलेली राहते. मधे दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि चांगल्या अडॅप्टरच्या पोटात तो असतो.

म्हणून बंद प्लास्टिक खोक्याचा १२ व्होल्ट डीसी अडॅप्टर घ्या. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. जाळीचा पत्र्याचा सप्लाय स्वस्त पडतो, पण त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात आणि भोकांतून सुताचा भुगा आत जाऊन बसतो. लहान मुलांच्या घरात मी तो लावत नाही.

आता अडॅप्टर किती अँपियरचा? सगळं इथेच बिघडतं.

शेजारच्या अक्कांच्या चरख्याची मोटर चालताना ०.६ अँपियर घेत होती, म्हणून मी १ अँपियरचा अडॅप्टर लावला. चाती झटका देई, थांबे, परत झटका. मी मोटरला दोष दिला, दुकानात जाऊन दोनदा बदलून आणली. दोष माझ्या हिशोबात होता. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा उलटा व्होल्टेज नसतो, असतो फक्त तारेचा रेझिस्टन्स. सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते. अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो, लगेच पुन्हा प्रयत्न करतो. तेच ते झटके.

तेव्हा आधी मोजा. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा, तो नंतर वजा करायचा. मोटरचा शाफ्ट थोडा थोडा फिरवून पाच-सहा ठिकाणी वाचा, आणि प्रत्येक वेळी शाफ्ट थांबल्यावरच; फिरताना मोटर वीज तयार करते आणि आकडा फसवतो. सगळ्यांत कमी आकडा धरा. अक्कांच्या मोटरला ३.२ ओहम आले. १२ भागिले ३.२ म्हणजे ३.७५ अँपियर. मी ५ अँपियरचा अडॅप्टर लावला आणि झटके गेले.

"जास्त अँपियरने मोटर जळेल" हे साफ चूक आहे. ज्या लाइनवर गिझर चालतो त्याच लाइनवर ९ वॅटचा एलईडीही सुखाने चालतो. व्होल्ट जुळले पाहिजेत; अँपियर मोटर स्वतःला लागतील तेवढेच घेते.

मात्र चातीत दोरा गुरफटून मोटर अडकली, तर मोठा अडॅप्टर न थकता ३.७५ अँपियर देत राहील. म्हणजे ४५ वॅटची उष्णता त्या एवढ्याशा मोटरमध्ये. त्यासाठी प्लसच्या वायरीत, अडॅप्टरजवळ, १ अँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज (क्षणभराचा जादा करंट सोसणारा) टाका. साधा फ्यूज सुरू करतानाच उडतो आणि मग लोक वैतागून तिथे तार गुंडाळतात. असं कधीही करू नका.

मोटर बंद करताना उठणारा व्होल्टेजचा झटका जिरवायला मोटरच्या टोकांवर १एन४००७ डायोड उलटा जोडा, पट्टी प्लसकडे. मोटर दोन्ही दिशांनी फिरवायची असेल तर मात्र हा डायोड चालणार नाही. स्विच १२ व्होल्टच्या बाजूला.

अडॅप्टर सुताच्या ढिगात किंवा कापडाखाली ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारू नका. भिंतीवर मोकळ्या हवेत टांगा.

पहिल्यांदा पंधरा मिनिटं चालवून मोटरवर हात ठेवा. हात ठेववत नसेल तर भार जास्त आहे, पुली बदला. आणि गुरफटलेला दोरा काढायच्या आधी प्लग काढा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण दोरा सुटताक्षणी चाती झेप घेते आणि बोट सापडतं.