आतल्या शेकाला जाण्याआधी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचा शेक (मशीनने बाहेरून दिलेली किरणं) संपत आला की ब्रॅकीथेरपीच्या, म्हणजे आतल्या शेकाच्या तारखा मिळतात. त्या आधी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. बाहेरचा आणि आतला मिळून सगळा शेक साधारण 8 आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. तो लांबला तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. घरात गणपती असोत की कुणाचं लग्न, तारीख पुढे ढकलू नका.

फाइलमध्ये बायोप्सी, एमआरआय आणि ताजे रक्ताचे रिपोर्ट ठेवा. जनआरोग्य योजनेसाठी आधार आणि रेशनकार्ड लागेल. रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. भूल द्यायची असते, म्हणून किती वाजल्यापासून उपाशी राहायचं ते लिहून घ्या. पोट साफ करण्याचं औषध सांगतील तसंच घ्या. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरीच काढून ठेवा, एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. सासूबाईंना हे आदल्या दिवशीच नीट समजावून सांगा. सैल गाऊन आणि सॅनिटरी पॅड पिशवीत असू द्या.

परळला टाटामध्ये बाहेरगावाहून येणार असाल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती इथे जागेची चौकशी बरीच आधी करा. सोबत धडधाकट माणूस हवंच. परतताना लोकलच्या गर्दीत शिरू नका, टॅक्सी करा.

सगळ्यात जास्त भीती असते ती किरणं अंगात राहण्याची. या पद्धतीत इरिडियम-192 चा तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत मशीनमधून नळीवाटे आत जातो, काही मिनिटं थांबतो आणि मशीनमध्ये परततो. अंगात काही उरत नाही. घरी आल्यावर नातवाला खुशाल मांडीवर घ्या. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांना वेगळं राहायला सांगतात. तो नियम तुम्हाला लागू नाही.

आणखी एक गोष्ट बायका संकोचाने विचारत नाहीत. शेकानंतर योनिमार्ग कोरडा आणि अरुंद होऊ शकतो. पुढच्या तपासणीसाठीही तो मोकळा राहायला हवा, म्हणून डायलेटर (योनिमार्ग मोकळा ठेवण्यासाठी आत घालायची गुळगुळीत नळी) कधीपासून आणि कसा वापरायचा हे सुट्टी मिळण्याआधी सिस्टरना विचाराच, आणि नवऱ्यालाही तेव्हा शेजारी उभं करा.