हवामानशास्त्रज्ञाचे चरित्र कसे लिहावे

शास्त्रज्ञाचे चरित्र पुरस्कारांपासून लिहायला घेऊ नये. त्याने काय मोजले, कशाने मोजले आणि त्यामुळे आधीची कोणती समजूत बदलली, यांवर लेख उभा करावा. येथे भारतीय हवामानशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन (१८९३–१९८४) यांचे उदाहरण घेतो.

प्रथम वर्षे आणि ठिकाणे यांचा तक्ता करावा : कोलकात्यात सी. व्ही. रामन यांच्याबरोबरचे संशोधन, १९२५ मध्ये भारतीय हवामान विभागात प्रवेश, पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालकपद. शेजारी विभागाचाही इतिहास मांडावा. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

यानंतर एकच मोजमाप निवडून ते पुरते समजावून सांगावे. लेखाचा निम्मा भाग त्यावर खर्च झाला तरी चालेल. रामनाथन यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले की, जमिनीलगत सर्वांत उष्ण असणाऱ्या विषुववृत्तीय प्रदेशात साधारण १७ किलोमीटर उंचीवरची हवा मात्र ध्रुवांकडील तेवढ्याच उंचीवरच्या हवेपेक्षा अधिक थंड असते. वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते, आणि उष्ण कटिबंधात हे अभिसरण अधिक उंचीपर्यंत पोहोचते, हे कारण वाचकाला कळलेच पाहिजे. त्या काळी तापमान नोंदवणारी उपकरणे फुग्यांना बांधून सोडत. फुगा फुटून उपकरण कोठेतरी शेतात पडे आणि ज्याला ते सापडे त्याने परत पाठवले तरच नोंद हाती येई. ही बाब गाळणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तरकालीन ज्ञान मागे लादण्याचा मोह टाळावा. १९२३ मध्ये रामनाथन यांना पाण्यात मंद प्रतिदीप्ती (पडलेला प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणे) आढळली, तिचे कारण अशुद्ध घटक मानले गेले. १९२८ च्या रामन परिणामाशी (पदार्थातून विखुरताना प्रकाशाची तरंगलांबी बदलणे) असलेला तिचा संबंध नंतर उलगडला. म्हणून १९२३ च्या परिच्छेदात तेव्हाचे स्पष्टीकरणच द्यावे.

साधनांसाठी हवामान विभागाचे ‘मौसम’ हे नियतकालिक, जे १९५० मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाले, त्याचे जुने अंक चाळावेत. १९७६ चे पद्मविभूषण एका वाक्यात येऊ द्यावे. जुन्या लेखांत तापमान निरपेक्ष अंशांत (आजच्या केल्विनमध्ये) असल्यास त्यातून २७३ वजा करून सेल्सिअसमधील आकडा द्यावा आणि मूळ आकडाही शेजारी ठेवावा.