मोहफुलांची वेचणी, वाळवण आणि विक्री

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात शेतीची कामे थांबलेली असतात तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, मोह गळू लागतो. दारूशी नाव जोडले गेल्यामुळे या फुलाकडे अन्न म्हणून फार थोड्यांनी पाहिले. वास्तविक वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते आणि त्याला मिळणारा भाव बराचसा वेचणी व वाळवणीवर ठरतो.

झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करण्याची पद्धत आधी सोडावी, कारण त्यातून वणवा पसरतो, मोहाची कोवळी रोपे जळतात आणि फुलांना राख चिकटते. त्याऐवजी जुने लुगडे किंवा हिरवी जाळी चार खुंटांना बांधून जमिनीपासून हातभर उंच ताणावी. फूल मातीला लागत नाही आणि दिवसभर वाकण्याचे कष्टही वाचतात. फुले रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात, तेव्हा ती ऊन चढण्यापूर्वी गोळा करावीत, मात्र अंधारात एकट्याने कधीही जाऊ नये. अस्वलही याच फुलांसाठी येते आणि वाकलेल्या माणसाला ते वेळेवर दिसत नाही.

खरी जोखीम वाळवणीत आहे. ओले फूल एका दिवसात आंबू लागते, म्हणून ते त्याच सकाळी उंच माचावर स्वच्छ चटईवर पातळ पसरावे, दिवसातून दोन-तीन वेळा हलवावे आणि दव पडण्यापूर्वी झाकावे. कडक उन्हात साधारण चार-पाच दिवसांत फूल तांबूस होते. मूठभर फुले दाबून सोडल्यावर ती सुटी झाली तर वाळली, गोळा राहिला तर आणखी एक ऊन द्यावे. नंतर हाताने चोळून आतले केसर काढावेत आणि फुले हवाबंद भरावीत, कारण पावसाळ्यातील दमट हवा ती लगेच शोषून घेतात.

एप्रिलमध्ये गरजेपोटी विकलेली फुले पुढे त्याच कुटुंबाला चढ्या दराने विकत घ्यावी लागतात, हे मला फार अन्यायाचे वाटते. निदान घरापुरता साठा तरी राखावा. उरलेला माल ग्रामसभेमार्फत एकत्र तोलून, प्रत्येकाच्या वजनाची नोंद ठेवून विकावा. गौण वनोपज, म्हणजे मोहफुलांसारखे लाकडाखेरीजचे जंगलातले उत्पन्न, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याने दिला आहे. फुलांमागून जून-जुलैमध्ये टोळ, म्हणजे तेलबिया, मिळतात. त्यासाठी फांद्या तोडू नयेत, पिकून पडलेली फळेच वेचावीत.