ग्वाल्हेरच्या थंडीत गीझर बंद पडला तर या चुका टाळा

जानेवारीत ग्वाल्हेरला पारा ३-४ अंशांपर्यंत उतरतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी हाताला चावतं. गीझर बिघडतो तोही नेमका याच दिवसांत, कारण वर्षातले बरेच महिने तो नुसता टांगलेला असतो आणि आता दोन वेळा राबतो. संक्रांत तोंडावर, भोगीचं न्हाणं राहिलेलं, घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं, मिस्त्री म्हणतो 'परवा येतो', आणि महिन्याच्या हिशोबात नव्या गीझरला जागा नाही. अशा वेळी माणूस मिळेल ती सोय करतो. गीझरचा बिघाड बहुतेक वेळा किरकोळ निघतो. महाग पडते, आणि कधीकधी जिवावर बेतते, ती त्याच्या जागी घाईघाईत केलेली सोय.

बिघाड न बघताच 'आता नवाच घ्यावा लागणार' असं ठरवणं

साठवणीच्या गीझरमध्ये बिघडण्याजोग्या वस्तू मोजक्याच असतात: पाणी तापवणारं एलिमेंट, तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, पाणी फार तापलं तर वीज तोडणारा कटआउट, खालच्या तबकडीचं रबरी गॅस्केट आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह. हे सगळं सुटं मिळतं आणि यातलं एखादं बदलायला सहसा काही शे रुपयेच लागतात. आतली टाकीच भोक पडून गळू लागली तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नका, तिथे गीझर संपला.

दिवाच लागत नसेल तर आधी एमसीबी बघा, मग त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा. इस्त्रीही तापत नसेल तर दोष गीझरचा नाही, सॉकेटचा किंवा वायरिंगचा आहे. इस्त्री तापते पण गीझर मेलेला, तर कटआउट उडाला असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच मॉडेलांत झाकणाआड त्याचं छोटं बटण असतं. प्लग काढून ते एकदा दाबता येतं. नंतर पुन्हा उडालं तर थर्मोस्टॅट गेलाय असं समजा. सारखं बटण दाबत गीझर चालवणं धोक्याचं. त्याहून वाईट म्हणजे कटआउटच्या दोन वायरी थेट जोडून 'चालू करून दिला' म्हणणारा मिस्त्री. तसं करू देऊ नका. थर्मोस्टॅट अडकला आणि कटआउट नाही, म्हणजे पाणी उकळतच राहणार आणि टाकीत दाब वाढत जाणार.

दिवा लागतो, अर्धा तास झाला तरी पाणी गारच, तर एलिमेंट जळालेलं असतं. मिस्त्रीकडे मल्टीमीटर असेल तर त्याला तुमच्यासमोर तपासायला सांगा. २००० वॉटचं धड एलिमेंट साधारण २६ ओहम दाखवतं, तुटलेलं असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. चालू करताच एमसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळाली की ती तोडणारा स्विच) पडत असेल तर एलिमेंटला भेग जाऊन वीज पाण्यात उतरते आहे. नळाला हात लावल्यावर झिणझिणी आली तर मेन स्विच बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या न्हाणीघरात कुणालाही अंघोळीला पाठवू नका. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये अर्थिंग नुसतं नावाला असतं, काही ठिकाणी अर्थची वायर न्यूट्रललाच बांधलेली असते. गीझरची दुरुस्ती करताना इलेक्ट्रिशियनकडून तेवढं तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. हातात पैसे थोडे असतील तर ते आधी इथे घाला.

पाणी गळत असेल तर कुठून, ते बघा. तापताना व्हॉल्व्हमधून थेंब थेंब येणं हे त्याचं कामच आहे, त्याला बूच मारू नका. तबकडीच्या कडेने पाझरत असेल तर गॅस्केट. टाकीच्या अंगातून किंवा तिच्या वेल्डच्या जोडावरून येत असेल तर टाकी.

आपल्याकडे बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरचं एलिमेंट बाहेर ओढलेलं एकदा बघाच. पेन्सिलीएवढी नळी अंगठ्याएवढी जाड झालेली असते, वर पांढरट-करड्या क्षारांचा थर. पान्याने टकटक केलं की खपल्या सुटतात आणि टाकीच्या तळातून ओंजळभर कच पाण्याबरोबर बादलीत पडते. या थराआडून उष्णता पाण्यापर्यंत जात नाही, एलिमेंट आतल्या आत तापून जळतं. त्याच्या शेजारी मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, म्हणून टाकी टिकते. बऱ्याच गीझरमध्ये उघडल्यावर त्याची नुसती तार उरलेली दिसते. एलिमेंट बदलताना हा रॉडही बदलून घ्या, कारण उघडण्याची मजुरी तुम्ही आधीच देताय.

जोडणी झाल्यावर गरम नळातून पाणी धो धो आल्याशिवाय स्विच लावायचा नाही. रिकाम्या टाकीत नवं एलिमेंट काही मिनिटांत जळतं आणि तो खर्च वॉरंटीत बसत नाही.

मोबाइलवर शोधून मिळालेल्या पहिल्याच नंबरला फोन करणं

कंपनीच्या नावाने खोटे 'कस्टमर केअर' नंबर टाकलेले असतात. फोन केला की आधी दहा-वीस रुपये भरा, हे अॅप टाका, स्क्रीन दाखवा, ओटीपी सांगा असं सुरू होतं, आणि खात्यातले पैसे जातात. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा गीझरवर चिकटवलेल्या पट्टीवरून घ्या. कार्ड शोधाच, कारण टाकीची वॉरंटी साधारणपणे एलिमेंटपेक्षा बरीच जास्त वर्षांची असते आणि लोक तीच विसरतात. मिस्त्री साधा असो की कंपनीचा, भेटीचे पैसे आधी विचारा, जुना पार्ट परत मागा, बिल घ्या. वॉरंटीत असूनही कंपनी टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

स्वस्तातला रॉड आणि त्याहून स्वस्त बोर्ड

दुरुस्तीपर्यंतची सगळ्यात सोपी सोय म्हणजे पाण्यात बुडवायचा रॉड. सोय चांगली आहे, पण याच्याइतकी बेफिकिरीने वापरली जाणारी विजेची दुसरी वस्तू घरात नसेल.

महाराज बाड्याच्या बाजारात फुटपाथवर मिळणारा बिनछापाचा रॉड घेऊ नका. आयएसआय खूण बघून घ्या, दोन-तीनशे रुपयांच्या बचतीसाठी हा धोका पत्करू नये. रॉडच्या बाहेरच्या नळीला चीर गेली की अख्खी बादली करंटची होते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून मागच्या वर्षीचा रॉड माळ्यावरून काढला की आधी उजेडात नीट फिरवून बघा. गंज, फुगवटा, वायरीच्या तोंडाशी काळेपणा दिसला तर तो भंगारात टाका.

१५०० वॉटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढतो. लहान पिनांचा सॉकेट आणि साधा एक्स्टेंशन बोर्ड असतो ६ अँपिअरचा. सकाळी चार बादल्या सलग तापवल्या की प्लग बोटांना कोमट लागतो, दोन आठवड्यांत पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळं होतं, मग तपकिरी, आणि न्हाणीघराच्या दाराशी जळक्या रबराचा वास येऊ लागतो. तो वास आला की त्याच दिवशी थांबा. रॉड १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचा, मध्ये कन्व्हर्टर प्लग घालायचा नाही.

क्रम पक्का ठेवा. आधी बादलीत पाणी, मग रॉडवरच्या खुणेपर्यंत तो बुडवणं, मग प्लग, मग स्विच. काढताना उलट: स्विच, प्लग, थोडं थांबणं, मग रॉड. पाणी तापलं का हे रॉड चालू असताना बोट घालून कधीही बघू नका, 'एकच सेकंद' म्हणूनसुद्धा नाही. बादली प्लास्टिकची हवी, लोखंडी किंवा पितळी घंगाळात रॉड घालायचा नाही. प्लास्टिकच्या कडेला तो टेकू द्यायचा नाही, आडव्या लाकडी पट्टीवर अडकवा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून स्विच दाबू नका. आणि रॉड चालू करून गच्चीवर कपडे वाळत घालायला जाऊ नका. घरात रांगतं मूल असेल तर न्हाणीघराला बाहेरून कडी.

बंद खोलीत जाळ

दरवर्षी थंडीत उत्तर भारतातून त्याच बातम्या येतात: रात्री कोळशाची सिगडी घरात घेऊन झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, किंवा गॅस गीझर लावलेल्या न्हाणीघरातून कुणी बाहेरच आलं नाही. कोळसा किंवा गॅस पुरेशी हवा न मिळता जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात, आणि माणसाला वाटतं थंडीने किंवा रात्रीच्या जागरणाने होतंय. दार उघडायला उठायचं बळ राहत नाही.

'कोळसे लाल झालेत, धूर नाही, आता आत घ्यायला हरकत नाही' ही समजूत आमच्याकडे घराघरांत आहे आणि ती साफ चुकीची आहे. धूर संपला तरी लाल निखारा हा वायू सोडतच असतो. सिगडी अंगणात, गच्चीवर, मोकळ्या ओसरीत शेका आणि बाहेरच विझवा. झोपायच्या खोलीत ती न्यायचीच नाही, खिडकीची फट ठेवूनही नाही.

गीझर बंद म्हणून कुणाकडचा जुना गॅस गीझर आणून न्हाणीघरात टांगणं हीही तीच चूक. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असायला हवा. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. आधीपासून आत बसवलेला असेल तर जागा बदलेपर्यंत दार उघडं ठेवून, आत कुणी नसताना बादली भरा, गीझर बंद करा आणि मगच अंघोळीला जा. गॅस गीझर पेटतच नसेल तर आधी सेल बदलून बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. त्यानंतर पाण्याचा दाब, कारण दाब कमी असला की तो पेट घेत नाही. गॅसचा वास आला तर कुठलाही स्विच न दाबता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि १९०६ वर फोन करा.

कुणाला चक्कर आली, बोलणं अडखळलं, तर कारण शोधत बसू नका. त्याला आधी उघड्यावर आणा, मग १०८.

बिलाचा हिशोब न करता हीटर लावणं

मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असलेल्या घरांना पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये पडतात. ही सवलत मिळत असेल तर थंडीतला खरा प्रश्न १५० च्या आत राहण्याचा असतो. २००० वॉटचा खोलीचा हीटर रोज ४ तास म्हणजे ८ युनिट, महिन्याला २४०. एकट्या हीटरने सवलत गेली. ब्लोअर, सळ्यांचा किंवा तेलाचा हीटर यांतला कुठलाही 'कमी वीज खातो' असं दुकानदार सांगेल, पण एका युनिटमागे तिन्ही जवळपास तेवढीच उष्णता देतात. उंच छताच्या, दगडी फरशीच्या जुन्या घरात तर ती सगळी वर आढ्याला जाते.

अंघोळीचं पाणी त्यामानाने स्वस्त. १५ लिटरची बादली १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहून थोडी कमी वीज लागते. चार माणसांच्या महिनाभराच्या अंघोळी साधारण ५० ते ५५ युनिटांत होतात. तेव्हा काटकसर अंघोळीत करू नका, हीटरमध्ये करा. दाराखालची फट जुन्या साडीच्या गुंडाळीने बुजवा, फरशीवर सतरंजी टाका, म्हाताऱ्या माणसांच्या पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवा. बादली रात्रीच भरून घरात ठेवली तर सकाळी टाकीच्या पाण्यापेक्षा काही अंश कोमट मिळते. आजी-आजोबांच्या अंघोळी सकाळी सहाला होण्याची गरज नाही, ऊन पडल्यावर दुपारी होऊ द्या.

गॅसवर तापवलं तर एका बादलीला ५०-६० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे खर्च जवळपास विजेएवढाच. तिथे भीती वेगळी आहे: उकळतं पातेलं स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत नेणं. बादलीत आधी गार पाणी घ्या, ती न्हाणीघरातच ठेवा, आणि पातेलं नेताना मुलांना दुसऱ्या खोलीत बसवा. भाजलंच तर नळाचं वाहतं पाणी २० मिनिटं, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही.

घाईत चुकीचा नवा गीझर घेणं

टाकीच गळाली तर नवा घ्यावाच लागतो. घरात सगळे बादलीने अंघोळ करत असतील तर २५ लिटरचा कशाला? ३ किलोवॉटचा ३ लिटरचा इन्स्टंट गीझर आपल्या थंडीत बादली ९-१० मिनिटांत भरतो आणि किमतीला पुष्कळ हलका पडतो. नळ बारीक सोडावा लागतो एवढंच. मात्र तो १३ अँपिअर ओढतो, तेव्हा वायर आणि सॉकेट आधी दाखवून घ्या. साठवणीचा घेणार असाल तर स्टार बघा, कारण ते तारे तापलेलं पाणी किती उष्णता गमावतं हे सांगतात. पाणी क्षाराचं असेल तर एलिमेंटवर काचेचा लेप आहे का विचारा. जुना गीझर बदल्यात देताना त्याच्या भंगाराचा भाव धरून घासाघीस करा.

आणि दुरुस्त करून घेतलात तर मॅग्नेशियमचा रॉड पुन्हा बघायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढच्या नवरात्राच्या आसपासची. तेव्हा मिस्त्री रिकामा असतो आणि भावही नीट सांगतो.