पॉलिडोपामाइनचे नॅनोकण: एमआरआयमध्ये दिसणारे, लेसरने तापणारे

एकाच कणाने एमआरआयमध्ये गाठ दाखवायची आणि ८०८ नॅनोमीटरचा लेसर पडला की तापून पेशी मारायच्या, या कामाची सुरुवात पॉलिडोपामाइनपासून (डोपामाइनचे रेणू जोडून बनणारा काळा बहुवारिक) करणे सोपे. ही कृती फक्त प्रयोगशाळेसाठी आहे.

१८० मिग्रॅ डोपामाइन हायड्रोक्लोराइड ९० मिली विआयनीकृत पाण्यात विरघळवून ५०° से.ला आणा. जोरात ढवळत असतानाच १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ७६० मायक्रोलिटर एकदम घाला. द्रावण लगेच पिवळसर होते, मग काळपट. बूच लावू नका, अभिक्रियेला हवेतला ऑक्सिजन लागतो. ५ तासांनी सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे पाणी रंगहीन होईपर्यंत कण धुवा. कण फार मोठे आले तर पुढच्या वेळी अल्कली किंचित वाढवा.

पाण्यात छान तरंगणारे हे कण सलाइनमध्ये गेले की गुठळ्या होऊन तळाशी बसतात, कारण क्षारांमुळे कणांमधले विद्युत प्रतिकर्षण झाकले जाते. म्हणून थिऑल (गंधकयुक्त गट) टोकाचे पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळणारी लांब साखळी; ५००० डाल्टन) पीएच ८.५ला रात्रभर जोडून घ्या आणि पुन्हा धुवा. सलाइनमध्ये २४ तासांनंतरही आकार तोच भरला तरच पुढे जा.

आता मँगनीज क्लोराइड घाला, कारण कण एमआरआयमध्ये दिसतात ते मँगनीजमुळे, आणि खरी फसगत इथेच होते. अल्कली शिल्लक असेल तर मँगनीज ऑक्साइडचा गाळ पडतो, फॉस्फेट बफरमध्ये फॉस्फेटचा. मोजणीत दोन्ही ‘कणाला बांधलेला मँगनीज’ म्हणून खपून जातात. त्यामुळे हेपेस बफर (फॉस्फेट नसलेला), पीएच ७च्या आसपास. नंतर पाणी बदलत डायलिसिस करा (सुटे आयन सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून बाहेर जाऊ द्या). कण खाली बसवून वरच्या पाण्याचा टी-१ (एमआरआयमधला शिथिलीकरण काळ, मँगनीजमुळे तो घटतो) मोजा. तो साध्या पाण्यापेक्षा कमी आला तर मँगनीज सुटा आहे आणि एमआरआयमधली चमक कणांची म्हणता येणार नाही. प्रतिदीप्त रंग जोडून दुसरी इमेजिंग साधायचा मोह टाळा. पॉलिडोपामाइन ती चमक विझवते.

तापण्याची चाचणी: कणांची तीव्रता ०, ५०, १००, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, प्रत्येकी १ मिली, क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक पात्रात), १ वॅट प्रति चौसेमीने १० मिनिटे. ५ मिमी व्यासाच्या ठिपक्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौसेमी, म्हणजे लेसर ०.२ वॅटवर ठेवा. व्यासाला त्रिज्या धरले तर चौपट चूक. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) किरणात येऊ देऊ नका, ते स्वतःच तापते. ८०८ नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम दिसतो, पापणी मिटत नाही. त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय लेसर सुरू करू नका.

पेशींवर चार गट हवेतच: काहीच नाही, फक्त लेसर, फक्त कण, दोन्ही. एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) करण्याआधी पेशी धुवा आणि पेशींविना नुसत्या कणांचीही एक विहीर ठेवा. कणांचा काळा रंग शोषणांक वाढवतो, आणि मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात.